अंगठा म्हणजे होकार?

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवायला सांगितलं. उत्तरादाखल आला तो वर केलेला अंगठा. ठरलेल्या महिन्यात माल काही पोचला नाही आणि प्रकरण न्यायालयात गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे 'तुमचा मेसेज मिळाला', करार तर मी अजून नीट वाचलाही नव्हता. कंपनीचं म्हणणं, अंगठा म्हणजे सही. याआधीचे व्यवहारही असेच एक-दोन शब्दांच्या उत्तरावर झाले होते आणि तेव्हा माल वेळेवर आला होता. २०२३ साली न्यायालयाने ही सवय लक्षात घेऊन कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि शेतकऱ्याला ८२ हजारांहून जास्त कॅनेडियन डॉलर भरावे लागतील असं ठरलं.

कायद्याचं वकील बघतील. घरून किंवा दुसऱ्या शहरातून क्लायंटचं काम करणाऱ्याला मात्र हा घोळ रोजच्या ओळखीचा आहे. त्या अंगठ्याचे निदान चार अर्थ होतात: मिळालं, वाचलं, पटलं, आणि करतो. आपण तिसरा धरून कामाला लागतो, क्लायंटने पहिल्या अर्थाने पाठवलेला असतो, आणि आठवड्याने 'अहो, मी ते अजून उघडूनही बघितलं नाही' असं उत्तर येतं. चूक कुणाची यावर वाद घालता येईल, पण वाया गेलेले दिवस आपले असतात.

यावर उपाय प्रश्नाच्या रचनेत आहे. 'ठीक आहे ना?' असं विचारलं की अंगठाच येणार. 'नोंदणीचा फॉर्म एकाच पानावर ठेवायचा (अ) की तीन टप्प्यांत (ब)? अक्षर लिहून कळवा, त्यानंतरच पुढचं काम सुरू होईल' असं विचारलं तर अंगठ्याने उत्तर देताच येत नाही. त्यातूनही आलाच, तर गृहीत न धरता लगेच एक ओळ टाकायची: 'अंगठा मिळाला, पण अ की ब ते राहिलं.' यात उद्धटपणा काही नाही. क्लायंटला राग येतो तो नंतर निस्तरावं लागलं की.

समोरासमोर बसून बोलताना असं क्वचितच घडतं, कारण बोलणारा सतत तपासत असतो. समोरच्याची मान हलते, भुवई उंचावते, पेन थांबतं, आणि आपण तिथल्या तिथे वाक्य बदलतो. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या प्रक्रियेची नीट मांडणी केली. दोघांनाही 'समोरच्याला आपलं म्हणणं कामापुरतं समजलं आहे' अशी खात्री पटेपर्यंत संवाद पुरा होत नाही, आणि ही खात्री मिळवायला प्रत्येक माध्यमात वेगळी किंमत मोजावी लागते. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं आणि पाठवण्याआधी सुधारता येतं, पण वाचणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही. फोनवर आवाजातली चलबिचल लगेच कळते, पण नेमकं काय ठरलं ते चार दिवसांनी पुन्हा ऐकता येत नाही. त्यामुळे 'मेल बरा की कॉल' हा वाद निरर्थक आहे. मतभेद असेल, सूर महत्त्वाचा असेल तर बोलावं. आकडे, तारखा, नावं, निर्णय असतील तर लिहावं. आणि बोलून ठरलेलं लिहून काढावं, दरवेळी.

लिहिताना सुराची काय दशा होते, त्यावर मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग आहे. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने, अशी काहींनी मेलने पाठवली तर काहींनी बोलून दाखवली. दोन्ही गटांतल्या पाठवणाऱ्यांना वाटत होतं की पाचातली जवळजवळ चार वाक्यं तरी बरोबर ओळखली जातील. आवाज ऐकणाऱ्यांनी साधारण तीन चतुर्थांश ओळखली. मेल वाचणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यापेक्षा जेमतेम वर होतं, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. त्यामुळे क्लायंटला लिहिताना टोमणा, तिरकस विनोद आणि 'वा, छान!' यांना रजा द्यावी. 'वा, छान!' खऱ्या कौतुकाचं असलं तरीसुद्धा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक जागा जपायला हवी. आपली भाषा कर्त्याला अलगद पडद्याआड ठेवते. 'मजकूर अपलोड केला जाईल', 'परवानगी घेतली जाईल', 'ते होऊन जाईल.' कोण अपलोड करणार? क्लायंटला वाटतं तुम्ही, तुम्हाला वाटतं क्लायंट. मेल पाठवण्याआधी 'जाईल' आणि 'होईल' शोधून प्रत्येकापुढे 'कोण?' असं विचारलं तर निम्मे घोळ तिथेच सापडतात. 'बघतो', 'जमेल बहुतेक', 'लवकरात लवकर' ही मंडळीही त्याच कुळातली.

आता एक साधा आठवड्याचा मेल जवळून बघू. नेहमी दिसतो तो असा:

'नमस्कार, काम छान चालू आहे. होम पेज जवळजवळ झालं आहे. थोडे फोटो आणि मजकूर बाकी आहे. लवकरच पाठवतो. काही शंका असल्यास जरूर कळवा.'

सभ्य आहे, आणि संपूर्ण निरुपयोगी आहे. 'जवळजवळ' म्हणजे किती? फोटो बाकी आहेत ते कुणाकडे? क्लायंट हे वाचून 'छान' म्हणतो आणि मेल बंद करतो, आणि दोन आठवड्यांनी कळतं की फोटो त्यानेच द्यायचे होते. हाच मेल असा लिहिता येतो:

'विषय: तुमच्याकडून ६ फोटो हवेत, गुरुवार १४ मे, दुपारी ४ पर्यंत

नमस्कार. "आमच्याविषयी" या पानासाठी ६ फोटो गुरुवारी दुपारी ४ पर्यंत (तुमच्याकडची वेळ) पाठवावेत. आडवे, किमान १६०० पिक्सेल रुंद.
झालं: होम पेज आणि संपर्काचं पान. दोन्ही चाचणीच्या लिंकवर बघता येतील.
चालू: उत्पादनांची यादी, ४० पैकी २६ नोंदी भरल्या.
अडलं: "आमच्याविषयी" हे पान, वरच्या फोटोंसाठी.
फोटो गुरुवारपर्यंत आले नाहीत, तर सोमवारी १८ मे रोजी ते पान जुन्या फोटोंसह दाखवतो. नवे फोटो नंतर बदलता येतील.'

मागणी विषयातच आली, कारण बरेच क्लायंट मोबाइलवर फक्त विषय आणि पहिली ओळ बघून मेल आता उघडायचा की रात्री, ते ठरवतात. 'झालं' या सदरात फक्त उघडून बघता येणाऱ्या गोष्टी आहेत. टक्के कुठेच नाहीत. '८० टक्के झालं' हे वाक्य ऐकायला गोड असतं, पण उरलेल्या २० टक्क्यांतच अवघड भाग बसलेला असतो, हे काम करणाऱ्याला माहीत असतं आणि क्लायंटला नसतं. '४० पैकी २६' मोजता येतं.

सर्वांत मोलाची ओळ शेवटची. उत्तर आलं नाही तर काय होईल, हे आधीच सांगितल्याने गप्प राहण्याचा परिणाम क्लायंटच्या डोळ्यांसमोर येतो आणि आपलं काम अडून बसत नाही. पण ही ओळ सगळीकडे चालत नाही. जे नंतर फिरवता येईल त्यालाच ती लावावी. पैसे खर्च करणं, डेटा पुसणं, काही जाहीर करणं, कुणाचं नाव किंवा कायदेशीर मजकूर छापणं, इथे स्पष्ट लेखी होकार येईपर्यंत हात लावू नये. आणि ही पद्धत आपण वापरणार आहोत हे कामाच्या सुरुवातीलाच क्लायंटला सांगून ठेवावं. अचानक वापरली तर ती धमकीसारखी वाचली जाते.

एका मेलमध्ये तीन प्रश्न परिच्छेदात मिसळून विचारले की बहुधा पहिल्याचंच उत्तर येतं. प्रश्नांना आकडे घालावेत, प्रत्येक वेगळ्या ओळीवर ठेवावा, आणि तिन्ही विषय वेगवेगळे असतील तर मेलही वेगळे करावेत. असा मेल आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जायला हवा. सांगण्यासारखं काही नसेल तेव्हासुद्धा. ऑफिसात शेजारी बसलेला माणूस गप्प असला तरी काम करताना दिसतो. दूरचा माणूस गप्प बसला की क्लायंट अंदाज बांधू लागतो, आणि असे अंदाज आपल्या बाजूचे क्वचितच निघतात.

तारखा आणि वेळा हा वेगळाच सापळा आहे. '५/६ ला देतो' हे लंडनमध्ये ५ जून वाचलं जातं आणि न्यूयॉर्कमध्ये ६ मे. तारखा लिहिण्यासाठी १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष, महिना, दिवस असा क्रम आहे: २०२६-०६-०५. फायलींच्या नावांसाठी हा उत्तम, कारण नावानुसार लावल्या की फायली आपोआप तारखेनुसार लागतात. माणसांसाठी मात्र महिना अक्षरात आणि सोबत वार लिहावा. वार आणि तारीख जुळत नसतील तर क्लायंट लगेच विचारतो, ही फुकटची तपासणी. 'शुक्रवारपर्यंत' यात शुक्रवार धरायचा का, 'दिवसअखेर' म्हणजे कुणाच्या दिवसाची अखेर, 'बुधवारी रात्री १२' म्हणजे बुधवार सुरू होतानाचे की संपतानाचे, हे सगळे वाद 'बुधवारी रात्री ११:५९, तुमच्याकडची वेळ' एवढ्याने मिटतात.

वेळेच्या लघुरूपांवर तर अजिबात विसंबू नये. सीएसटी अमेरिकेच्या मध्यभागातही आहे आणि चीनमध्येही, दोन्हींत १४ तासांचं अंतर. आयएसटी भारताचं, आयर्लंडचं आणि इस्राएलचंही. बीएसटी म्हणजे ब्रिटनचा उन्हाळा किंवा बांगलादेश. शहराचं नाव लिहिलं की प्रश्न संपतो. त्यात उन्हाळी वेळेची भर पडते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं एरवीचं ५ तासांचं अंतर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा ४ तासांवर येतं. सिडनीत घड्याळ उलट ऋतूत बदलतं आणि कित्येक देशांत बदलतच नाही. दर आठवड्याची बैठक असेल तर ती कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधलेली आहे हे एकदाच ठरवावं आणि कॅलेंडरमधून त्या शहराच्या वेळेने आमंत्रण पाठवावं. मग दोघांच्या कॅलेंडरमध्ये वेळ आपोआप सरकते. मेसेजमध्ये लिहिलेलं 'नेहमीप्रमाणे साडेसात' आपोआप सरकत नाही.

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांच्या ओळखीचा एक खेळ चालतो: दोघं एकदम बोलतात, दोघं थांबतात, 'तुम्ही बोला', 'नाही नाही, तुम्ही बोला'. यात सभ्यतेपेक्षा यंत्राचा भाग जास्त आहे. दहा भाषांमधल्या संभाषणांचा २००९ साली अभ्यास झाला, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघालं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण सहसा सुरळीत चालतं. पण जाण्याचे दीडशे आणि उत्तर येण्याचे दीडशे धरले की ३०० होतात, म्हणजे आपल्या कानाला सवय असलेल्या अंतराहून जास्तच. कनेक्शन वाईट असेल तर विचारायलाच नको. क्लायंट विचार करतोय असं वाटून आपण पुन्हा बोलू लागतो, तेव्हा त्याचं उत्तर वाटेत असतं. खर्चाचा आकडा सांगितल्यावर ही पोकळी फार महागात पडते. घाईने 'अर्थात, थोडं कमी करता येईल' असं बोलून जातो, आणि समोरचा फक्त 'चालेल' म्हणणार असतो.

म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन अंक मोजावेत. कॉलवर अनेक जण असतील तर प्रश्नाआधी नाव घ्यावं. आकडे, लिंक, स्पेलिंग बोलता बोलता चॅटमध्ये टाकावं. आवाज तुटू लागला की आधी व्हिडिओ बंद करावा, आवाज वाचवावा. ब्लूटूथ हेडफोन स्वतःचा उशीर त्यात मिसळतो, वायरचा बरा.

कॉल संपल्यावर तासाभरात टिपण जायला हवं. काय ठरलं, कोण काय कधीपर्यंत करणार, काय अनिर्णित राहिलं. आणि बरेच जण विसरतात ते चौथं: काय करायचं नाही असं ठरलं. 'मोबाइल अॅप या टप्प्यात नाही' ही ओळ तीन महिन्यांनी सोन्याच्या मोलाची ठरते. टिपणाच्या शेवटी 'माझ्या समजुतीप्रमाणे हे असं आहे, काही वेगळं असेल तर उद्या दुपारी १ पर्यंत दुरुस्त करा' असं लिहावं.

ऐकलेलं परत म्हणून दाखवण्याची ही शिस्त विमानवाहतुकीत फार मोठी किंमत मोजून पक्की झाली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. नियंत्रकाच्या उत्तरातलं 'ओके' वैमानिकांपर्यंत पोचलं, आणि त्यापुढचं 'थांबा' त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने केलेल्या संदेशामुळे कर्कश आवाजात बुडालं. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, आणि अशा सूचनेला नुसतं 'ओके' न म्हणता ती परत म्हणून दाखवायची, यावर कटाक्ष आला. आपल्या कामात कुणाचा जीव जात नाही, पण 'ओके' तेवढंच फसवं राहतं.

वाईट बातमी कळवण्याची वेळ आली की भले भले लिहिणारे अडखळतात. खात्री होईपर्यंत थांबावं असं वाटतं आणि तेच अंगलट येतं. क्लायंटने आपल्या तारखेवर बरंच काही रचलेलं असतं: जाहिरात, माणसं, त्याच्या वरिष्ठांना दिलेला शब्द. उशीर होण्याची शक्यता दिसली त्याच दिवशी सांगितलं तर त्यातलं काही तरी हलवता येतं, आदल्या रात्री सांगितलं तर काहीच नाही. आधी फोन करावा, लगेच पाठोपाठ मेल. मेलची सुरुवात कारणांनी करू नये. 'काही तांत्रिक अडचणींमुळे' या शब्दांनी सुरू झालेला मेल वाचताना क्लायंट तिसऱ्या ओळीपर्यंत संतापलेला असतो. असं लिहिता येईल:

'चाचणीत काही व्यवहारांचे पैसे दोनदा कापले जात आहेत. कारण अजून सापडलेलं नाही. त्यामुळे सोमवारी साइट सुरू करू नये असं माझं मत आहे. दोन पर्याय: (१) सोमवारी पेमेंट बंद ठेवून बाकी साइट सुरू करणं, (२) सगळंच गुरुवारवर ढकलणं. माझा सल्ला पहिला. तुमचा निर्णय उद्या सकाळी ११ पर्यंत लागेल. आज रात्री ८ वाजता पुन्हा कळवतो, कारण सापडलं तरी, न सापडलं तरी.'

शेवटचं वाक्य पाळणं फार गरजेचं. रात्री ८ ला 'अजून सापडलं नाही, दोन शक्यता बाद झाल्या, पुढची खबर सकाळी १० ला' एवढं गेलं तरी क्लायंट झोपू शकतो. ते गेलं नाही तर सकाळपर्यंत त्याने दुसऱ्या कुणाला तरी फोन केलेला असतो. दिलगिरी एकदाच, थोडक्यात. चार वेळा माफी मागितली की क्लायंटलाच आपली समजूत काढावी लागते.

'छोटासा बदल' या मागणीला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं असतात असं समजून लोक कुढत बसतात. तिसरं उत्तर बरं: 'हो, करता येईल. त्याला दोन कामाचे दिवस लागतील. तारीख शुक्रवार २२ मेवरून मंगळवार २६ मेवर जाईल, किंवा २२ कायम ठेवून शोधाची सोय पुढच्या टप्प्यात टाकू. कोणतं करू?' मागणी चॅटवर आली तरी हे उत्तर मेलवर जावं, कारण चॅटमधला निर्णय आठवड्याने शोधायला गेलं की सापडत नाही. सगळे निर्णय एका सामायिक कागदावर, तारीख आणि निर्णय घेणाऱ्याच्या नावासह ठेवले तर उत्तमच. क्लायंटकडून तिघं जण तीन दिशांना ओढणाऱ्या सूचना देत असतील तर त्यांच्यात मध्यस्थी करणं हे आपलं काम नव्हे. अंतिम मान्यता कुणाची, ते नाव पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावं, आणि सूचना त्या व्यक्तीकडून एकत्र होऊन याव्यात असं सांगावं.

राहता राहिला उत्तरच न देणारा क्लायंट. दोन कामाच्या दिवसांनी त्याच मेलसाखळीत आठवण द्यावी, पण 'वरच्या मेलबद्दल आठवण' असं लिहून नव्हे. प्रश्न पुन्हा, आणखी लहान करून लिहावा, एका शब्दात उत्तर देता येईल इतका. आणखी दोन दिवस गेले तर माध्यम बदलून फोन करावा. बहुतेक वेळा तिथे कळतं की मेल वाचला होता, पण उत्तर द्यायला त्याला स्वतःच्या ऑफिसात कुणाला तरी विचारायचं होतं. मग त्या व्यक्तीसाठी पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा खुलासा आपणच लिहून द्यावा. तरीही शांतताच असेल तर शेवटच्या मेलमध्ये तीन गोष्टी याव्यात: काम कोणत्या तारखेपासून थांबवलं आहे, आजवर झालेलं कुठे ठेवलं आहे, आणि उत्तर आल्यापासून किती कामाच्या दिवसांत ते पुन्हा हाती घेता येईल. तो आकडा मोकळ्या हाताने धरावा, कारण मधल्या काळात ती जागा दुसऱ्या कामाने घेतलेली असणार, आणि हेही त्याच मेलमध्ये लिहून टाकावं.